छोट्या गिगसाठी गिटारचा ॲम्प घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात नवा ॲम्प घरी आला की बघायला येणारा पहिला माणूस एकच विचारतो, "किती वॅट?" गणपतीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून छाती धडधडून घेतलेली आपण माणसं. आवाज वॅटमध्ये मोजायचा, हे अंगात मुरलंय. मीही त्यातलाच. म्हणून माझे पहिले दोन्ही ॲम्प चुकले, आणि एकमेकांच्या उलट चुकले.

पहिला १० वॅटचा, सहा इंची स्पीकरचा. राजारामपुरीतल्या कॅफेत एक गायिका, एक कहोन (बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) आणि मी, एवढ्यात तो झकास चालला. मग एका हॉटेलच्या टेरेसवर पहिल्यांदा पूर्ण ड्रमसेटबरोबर वाजवलं. मित्रानं काढलेला व्हिडिओ घरी येऊन पाहिला तर माझी बोटं हलताना दिसतायत, गिटारचा पत्ताच नाही. त्या रागात १०० वॅटचा, बारा इंची दोन स्पीकरवाला जुना ॲम्प उचलला. त्याचं व्हॉल्यूम एकवर ठेवलं तर आवाजात जीव नाही, दोनकडे सरकवलं की कॅफेचा मालक काउंटरवरून हात खाली-खाली करायला लागे. शिवाय तो ॲक्टिव्हावर बसेना. दर गिगला रिक्षा, म्हणजे मानधनातला माझा वाटा रिक्षावाल्याला.

आपल्याकडे छोटा गिग म्हणजे ताराबाई पार्कातला कॅफे, हॉटेलचं टेरेस, लॉनवरचा वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग. पन्नास ते शंभर माणसं, त्यातली निम्मी जेवणात गुंतलेली. ॲम्प या जागेसाठी घ्यायचाय, मिरवणुकीसाठी नाही.

वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, हा समज

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. १० वॅटवरून १०० वर गेलात तर दुप्पट. ५० वरून १०० वर गेलात तर पैसे आणि वजन वाढलं, आवाज जेमतेम जाणवेल इतका.

खरी गंमत स्पीकरमध्ये आहे. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक स्पीकर ९७ चा आणि दुसरा १०० चा असेल, तर दुसऱ्यावर ५० वॅटचा ॲम्प पहिल्यावरच्या १०० वॅटच्या बरोबरीनं वाजतो. हा आकडा ॲम्पच्या खोक्यावर सहसा नसतो, पण स्पीकरचं माप असतं. सहा-आठ इंची स्पीकर घरी सरावाला ठीक. ड्रमर असेल तर दहा इंचाच्या खाली जाऊ नका, जमलं तर बारा.

अजून एक घोळ ट्यूबच्या, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पच्या, वॅटचा. १५ वॅटचा ट्यूब ॲम्प ड्रमसमोर टिकतो आणि १५ वॅटचा ट्रान्झिस्टरचा टिकत नाही, हे ऐकून लोकांना जादू वाटते. जादू काही नाही. ट्यूब ताणली की आवाज हळूहळू गोड फाटतो, आणि ते आपल्याला हवंच असतं. ट्रान्झिस्टरचा ॲम्प टोकाला गेला की कर्कश फाटतो, म्हणून त्याला आधीच थांबवावं लागतं. त्यामुळे ट्रान्झिस्टर किंवा डिजिटल ॲम्पमध्ये ४० ते ५० वॅट आणि बारा इंची एक स्पीकर, हे आपल्या कामाचं माप. फेंडर चॅम्पियन ४० किंवा बॉस कटाना ५० ही त्याच जातीची. कटानामध्ये पॉवर अर्ध्या वॅटवर, २५ वर किंवा पूर्ण ५० वर ठेवता येते. तेवढ्यामुळे कॅफेच्या मालकाशी माझे संबंध सुधारले. वजन अकरा-बारा किलो. मागे बसणारा मित्र धट्टाकट्टा असेल तर टू-व्हीलरवर जातो.

बॅटरीवरचे ॲम्प हा वेगळा विषय. रोलँड क्यूब स्ट्रीटला सहा पेन्सिल सेल लागतात आणि तो एकूण पाच वॅट देतो. रंकाळ्यावर संध्याकाळी दोघंतिघं बसून वाजवायला उत्तम. ड्रमसमोर नेऊ नका, बस्स.

बेडरूममधला टोन स्टेजवर नेणं

ही चूक करायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळेच करतात. घरी हळू आवाजात सेटिंग लावायचं: बेस (खालचे सूर) वर, ट्रेबल (वरचे) वर, मिड (मधले) जवळजवळ शून्य, गेन (आवाज फाडणारा नॉब) भरपूर. खोलीत ते भारदस्त वाटतं. कारण आवाज कमी असला की आपला कान खालचे आणि वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं होतं. आवाज वाढला की कानाला बेस आणि ट्रेबल आपोआप जास्त ऐकू येतात. मग घरचं तेच सेटिंग स्टेजवर एकीकडे गडगडतं, दुसरीकडे टोचतं, आणि मधे गिटार गायब.

गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. त्या भागात बेस गिटार आणि किकड्रम आधीच पाय पसरून बसलेले असतात. आपण तिथं घुसून काही मिळत नाही, फक्त चिखल होतो. गिटारची जागा मिडमध्ये. स्टेजवर बेस कमी करा, मिड घरी लाजिरवाणा वाटेल इतका वर घ्या, गेन घरच्या निम्मा. एकट्यानं ऐकलं तर आवाज नाकात बोलल्यासारखा येईल. बँड सुरू झाला की तोच सुरेख बसतो.

डिजिटल ॲम्पमधल्या तयार प्रीसेटचंही हेच. दुकानात पोरांनी "वा" म्हणावं म्हणून त्यांत रिव्हर्ब-डिले, म्हणजे घुमारा आणि प्रतिध्वनी, ओतलेला असतो. टेरेसवर रिव्हर्ब थोडा चालतो. फरशी आणि काचांनी भरलेल्या कॅफेत खोलीच इतकी घुमते की वरचा रिव्हर्ब बंद केलेला बरा.

अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिकच्या ॲम्पमध्ये

कोल्हापुरातले निम्मे गिग अकूस्टिकवर होतात, तरी लोक इलेक्ट्रिकचा ॲम्प घेतात आणि म्हणतात, "आवाज डब्यातून आल्यासारखा येतो." येणारच. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. फाटलेला आवाज त्यामुळेच सुसह्य होतो. पण अकूस्टिकची चमक त्याच्यावरच असते. तुमचं काम अकूस्टिकचंच असेल तर अकूस्टिक ॲम्प घ्या. त्यात बहुधा माइकलाही जागा असते, म्हणजे गाणाऱ्याचीही सोय. नाहीतर सरळ कॅफेच्या साऊंड मिक्सरमध्ये जा आणि पैसे वाचवा. आणि बेस गिटार किंवा कीबोर्ड गिटारच्या ॲम्पमध्ये घालून मोठ्यानं वाजवू नका. बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झची, स्पीकरचा कागदी कोन फाटायला वेळ लागत नाही.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

इथं जरा थांबून वाचा, कारण बाकीच्या चुकांत फार तर टोन बिघडतो.

एका हॉलमध्ये मी कोरसला माइकजवळ गेलो, ओठ जाळीला लागले आणि झणका बसला. गिटारच्या तारा ब्रिज आणि केबलमार्फत ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. मिक्सर एका भिंतीवरच्या बोर्डावर, ॲम्प दुसऱ्या, आणि त्यातल्या एकाला अर्थिंगच नाही. दोन्हींतला फरक माझ्या ओठांतून गेला. त्या दिवशी हलका होता, म्हणून हे लिहितोय.

तेव्हापासून पिशवीत मल्टिमीटर असतो. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट, असं दिसलं तर ठीक. मग गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मीटर धरायचा. तिथं काटा हलला तर गाणं नाही, आधी इलेक्ट्रिशियन. ॲम्प, इफेक्टची पेडल आणि मिक्सर शक्यतो एकाच पॉइंटवरून घ्या.

घूं आवाज जावा म्हणून थ्री पिन टॉपची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. आवाज जातो हे खरं, पण जीव वाचवणारी तेवढी एकच वायर तुम्ही कापलेली असते. ग्राउंड लूपचाच, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडल्यामुळे येणारा, घूं असेल तर डीआय बॉक्सवरचं (गिटारचा आवाज मिक्सरकडे नेणारा छोटा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा. ते फक्त आवाजाच्या वायरचा अर्थ तोडतं.

घूं नेमका कुठला ते शोधणं सोपं आहे. ॲम्पमधून गिटारची केबल काढा. तरी चालूच असेल तर सप्लाय किंवा ॲम्प. थांबला तर गिटार, केबल नाहीतर पेडल. उभ्या जागी वळल्यावर कमी-जास्त होत असेल तर गिटारवरचं सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारं एका वेटोळ्याचं चुंबक) आजूबाजूचा कचरा गोळा करतंय, बहुतेक टेरेसवरच्या दिव्यांच्या डिमरचा. तोंड दुसरीकडे करा, किंवा हंबकरची, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपची, गिटार आणा. तारांना हात लावल्यावर घूं कमी होणं नेहमीचं. वाढला तर गिटारची वायरिंग तपासून घ्या.

ॲम्प जमिनीवर, आवाज गुडघ्याला

गिटारचा स्पीकर टॉर्चसारखा वाजतो, वरचे सूर सरळ रेषेत जातात. ॲम्प पायाशी ठेवला की तुमच्या कानाला मऊ वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोरच्या टेबलावरचं कुटुंब टेबल बदलून मागतं. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा. मी उद्यमनगरात लोखंडी अँगलचा कलता स्टँड वेल्ड करून घेतला, तयार स्टँडच्या निम्म्यात झाला आणि नातवापर्यंत टिकेल. कोपऱ्यात मात्र ॲम्प ढकलू नका. दोन भिंती आणि फरशी मिळून बेस फुगवतात.

मिक्सरला कसं जोडणार, हे न बघता घेणं

लॉनवर शंभर माणसं असतील तर तुमच्या ॲम्पनं त्यांच्यापर्यंत पोहोचायची गरज नाही. तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू आलं की त्याचं काम झालं, बाकीचं साऊंडवाल्याच्या स्पीकरवर सोडा. म्हणून ॲम्पला लाइन आउट (मिक्सरला जोडायचा जॅक) आहे का बघा, आणि तो लावल्यावर ॲम्पचा स्पीकर चालू राहतो का तेही. कटाना ५० च्या फोन्स-रेकॉर्डिंग आउटमध्ये जॅक घातला की स्पीकर गप्प होतो. हे मला साऊंडचेकला कळलं, म्हणजे फार उशिरा. अशा वेळी स्पीकरसमोर दोन-तीन बोटांवर माइक लावायचा. शुअर एसएम५७ मिळाला तर उत्तमच, नाहीतर साऊंडवाल्याकडचा कुठलाही साधा गाण्याचा माइक.

ॲम्पच्या मागचा "स्पीकर" लिहिलेला जॅक मिक्सरमध्ये कधीही घालू नका, तिथून स्पीकर हलवणारी पॉवर येते. ट्यूब ॲम्प असेल तर स्पीकर काढून तो चालूही करू नका, ट्रान्सफॉर्मर जातो.

आणि उघड्या टेरेसवर, लॉनवर रात्री दहानंतर स्पीकर बंद. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम ॲम्प कितीचा आहे ते विचारत नाहीत.

ऐन वेळी आवाज गेला तर

घाबरून सगळं उपसू नका. गिटार सरळ ॲम्पमध्ये लावा, मधली पेडल बाजूला. आवाज आला तर दोष पेडलचा किंवा त्यांच्या छोट्या वायरचा, बहुतेक वेळा वायरचाच. नाही आला तर दुसरी केबल. तरी नाही, आणि मागे सेंड-रिटर्न (इफेक्ट जोडायचे दोन जॅक) असतील, तर एक छोटी केबल सेंडमधून रिटर्नमध्ये घाला. आवाज परत आला तर रिटर्नच्या जॅकमधला संपर्क मळलाय. तो गिग तसाच उरका, नंतर कॉन्टॅक्ट क्लिनर मारा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत हे हमखास होतं, नॉब फिरवताना खरखर येते तीही त्यातलीच. फ्यूज उडाला तर तेवढ्याच रेटिंगचा घाला. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळून चालवलेला ॲम्प मी जळताना पाहिलाय.

जुना घेताना

मागचा व्होल्टेजचा शिक्का आधी वाचा. अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० वर लावला तर धूर निघेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. ट्यूबचा असेल तर ट्यूब बदलायला माणूस जवळ कुठं आहे ते विचारा. अर्धा तास तापू द्या, मग वाजवा. बरेच दोष गरम झाल्यावरच तोंड वर काढतात.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या आणि बँडमधला ड्रमर बरोबर घ्या. तिथं बहुतेक ड्रमसेट असतो. त्याला म्हणावं, भावा, नेहमीसारखं वाज. तुम्ही ॲम्पचा गेन अगदी कमी ठेवून, व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेऊन, पाच-सहा पावलं लांब उभे राहा. दुकानदार एकदा तुमच्याकडे बघेल, एकदा ड्रमरकडे. बघू दे.