भिंतीचा रंग नंतर, आधी चौकटीचा पांढरा ठरवा

शेडकार्ड मांडीवर घ्यायचं, आवडलेल्या चौकोनावर बोट ठेवायचं आणि रंगाऱ्याला सांगायचं, 'हा लावा.' बहुतेक घरांचा रंग असाच ठरतो. मीही तसाच ठरवला होता आणि सपशेल तोंडावर पडले होते. त्यानंतर स्वतःची आणि नातेवाइकांची मिळून बरीच घरं माझ्या देखरेखीखाली रंगली. आता कुणी 'छोटी खोली आहे, पांढराच द्या' किंवा 'साठ टक्के हा, तीस टक्के तो' असं सांगायला लागलं की मी विषय बदलते.

ओल काढणं, पुट्टी, घिसाई, प्रायमर हे सगळं तुम्ही नीट करून घेणारच, असं धरून चालते. इथे फक्त रंग निवडण्याबद्दल.

जे हलणार नाही ते आधी बघा

फरशी, कपाटांचं लॅमिनेट, पॉलिश केलेली लाकडी दारं. हे काही भिंतीच्या रंगासाठी बदलणार नाही, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात. नुसतं 'लाकडी' किंवा 'बेज' म्हणून मोकळं होऊ नका. लाकूड तांबूस आहे की पिवळट? फरशी गुलाबीकडे झुकते की करड्याकडे? एका कागदावर लिहून ठेवा.

मग चौकटी, दारं आणि स्कर्टिंग

सगळे उलटं करतात. आधी भिंती, आणि शेवटी रंगारी विचारतो, 'चौकटीला काय मारू?' तेव्हा घाईत उत्तर जातं, 'पांढरा मारा.' कुठला पांढरा, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

खोल्यांचे रंग वेगवेगळे असू शकतात, पण चौकटी आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी फरशीलगतची पट्टी, यांचा रंग बहुधा घरभर एकच असतो. म्हणजे घरातल्या प्रत्येक भिंतीला हाच एक शेजारी मिळणार आहे. शिवाय नजर रंग तोलते ती कडेवर, जिथे दोन रंग भिडतात तिथे. म्हणून आधी चौकट, मग भिंत. लाकडी पॉलिश ठेवणार असाल तर हा निर्णय झालेलाच आहे, पुढे चला.

रंगवणार असाल तर तीन वाटा आहेत. भिंतीपेक्षा फिकट चौकट ही नेहमीची. भिंतीच्याच रंगाची चौकट ही माझी सगळ्यात आवडती, विशेषतः जिथे दारं, खिडक्या, खांब, तुळया अशी तुकड्या-तुकड्यांची भिंत आहे. सगळं एका रंगात गेलं की खोली शांत होते. भिंतीपेक्षा गडद चौकट छान दिसते, पण दारं सरळ आणि कडा स्वच्छ असतील तरच. वाकडी चौकट गडद रंगात लांबूनही वाकडी दिसते.

घरात दृष्टी अधू झालेलं कुणी असेल तर मात्र आवडनिवड बाजूला ठेवा. बऱ्याच कंपन्या शेडच्या माहितीत 'एलआरव्ही' असा आकडा देतात. रंग किती उजेड परत फेकतो याचं हे ० ते १०० मधलं माप. ० म्हणजे पूर्ण काळा. ब्रिटनमध्ये सार्वजनिक इमारतींसाठी भिंत आणि दार यांच्या आकड्यांत साधारण ३० चा फरक ठेवायची शिफारस आहे. घरातही तेवढा फरक ठेवला तर दार कुठे आहे ते चाचपावं लागत नाही.

खरी मेख: लपलेली झाक

माझ्या पहिल्या घरात मी दिवाणखान्याला राखाडी रंग निवडला. कार्डावर अगदी साधा, सभ्य राखाडी. चौकटींना आधीपासून क्रीम ऑइलपेंट होता, तो चांगला होता म्हणून तसाच ठेवला. दुसरा हात वाळला, आत्या बघायला आली आणि दारातच थबकून म्हणाली, 'जांभळा का गं लावलास?'

मी हसण्यावारी नेलं, पण संध्याकाळपर्यंत मलाही जांभळाच दिसायला लागला. पुन्हा खर्च करून दुसरा राखाडी लावला. तो निळसर दिसायला लागला. मी रंगाच्या मशीनला, दुकानदाराला, रंगाऱ्याला, सगळ्यांना दोष देऊन झाला. मग एका चौकटीचा खालचा भाग वाळवीने खाल्लेला निघाला, म्हणून सुताराने तुकडा बदलला आणि रंगाऱ्याने त्यावर प्रायमर मारला. गुडघ्याएवढी पांढरी पट्टी. तिच्या शेजारची वीतभर भिंत राखाडी दिसत होती आणि वरची, क्रीम चौकटीला लागलेली, निळसर. एकाच डब्यातला रंग, एकाच भिंतीवर. मी खाली बसून दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले.

यात नवीन काही नव्हतं. पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या मिशेल युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्याशेजारी वापरलेला काळा धागा फिका दिसतो. त्याने धागा तपासला, तो ठणठणीत निघाला. दोष शेजाऱ्याचा होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, हे त्याने १८३९ मध्ये सविस्तर छापलं. पिवळट क्रीमशेजारी राखाडी पिवळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे निळ्या-जांभळ्याकडे ढकलला जातो. माझ्या राखाडीत मुळातच थोडी जांभळी झाक होती. क्रीमने ती चव्हाट्यावर आणली.

तर ही झाक ओळखायची कशी? 'हा वॉर्म आहे, तो कूल आहे' या भाषेचा काही उपयोग होत नाही. झाक एकट्या रंगात दिसत नाही, तुलनेतच दिसते. म्हणून एक राखाडी कधीच बघू नका. चार राखाडी, चार क्रीम, चार 'ऑफ-व्हाइट' एकमेकांना चिकटवून ठेवा. दोन मिनिटांत एक हिरवट, एक गुलाबीसर, एक निळसर आणि एक पिवळट असे वेगळे होतील. शेडकार्डावर एकाच रंगाची फिकट ते गडद अशी पट्टी असेल तर तळाचा सर्वांत गडद चौकोन बघा. वरच्या चौकोनात जी झाक कुजबुजते ती तिथे बोंब ठोकते. मात्र एका पट्टीवरचे सगळे चौकोन एकाच कुळातले असतीलच असं नाही, म्हणून हा पहिला अंदाज समजा, अंतिम निकाल नव्हे.

एक सल्ला हमखास मिळतो: 'छपाईचा पांढरा कागद शेजारी धरून बघा.' कृपा करून हे करू नका. त्या कागदात बहुधा उजळपणा वाढवणारी रसायनं असतात, ती निळसर चमकतात. त्याच्याशेजारी कुठलाही चांगला पांढरा कळकट, पिवळा दिसतो. मी त्या कागदामुळे दोन उत्तम पांढरे नाकारले आहेत. शेजारी धरायचं ते चौकटीला लावणार तोच पांढरा रंग दोन हात मारलेलं फळकुट. आता कळलं ना चौकट आधी का?

आणि तो पांढरा तेलकट इनॅमलचा घेणार असाल तर जाणून घ्या: तेलकट पांढरा काळानुसार पिवळतो, आणि अंधाऱ्या जागी जास्त पिवळतो. आज भिंतीशी तंतोतंत जुळवलेली चौकट काही वर्षांत माझ्या त्या क्रीमच्या वाटेने जाते. पांढऱ्या चौकटीसाठी मी आता पाण्यावर आधारित इनॅमलच घेते. पूर्ण कडक व्हायला ते वेळ घेतं, पण पांढरेपणा बराच टिकवतं.

नमुना भिंतीवर नको, पुठ्ठ्यावर

जुन्या रंगावर मारलेला हातभर चौकोन काही सांगत नाही, कारण जुना रंग चारी बाजूंनी त्याला बिघडवत असतो. जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या, साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरचा. कडेपर्यंत रंगवा, पांढरी किनार सोडू नका. दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. ओला इमल्शन (भिंतीचा पाण्यावर आधारित रंग) बहुधा फिकट दिसतो, वाळल्यावर गडद होतो. ओला बघून घाबरून बदललेले रंग मी पुष्कळ पाहिलेत.

फळी आडवी नाही, उभी धरून बघा. चौकटीला टेकवा, फरशीला टेकवा. मग कोपऱ्यात न्या. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींचा रंग एकमेकींवर फेकतात, त्यामुळे तिथे रंग नेहमीच जास्त गडद, जास्त रंगीत होतो. कार्डावरचा फिकट पिवळा चारी भिंतींवर गेल्यावर डोळ्यांत खुपतो तो यामुळेच. शंका असेल तर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट घ्या.

सकाळ, दुपार आणि दिवे लागल्यावर, असं तीनदा बघा. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. ज्या दिव्यात राहणार त्याच दिव्यात रंग निवडा. मागाहून बल्ब बदलले तर निवड पुन्हा तपासा. ज्या खोलीत ऊन कधीच येत नाही तिथे नुसता पांढरा रंग देऊन ती लख्ख होईलच असं नाही. पांढऱ्याला परत फेकायला पुरेसा उजेडच नसतो, मग तो मळकट राखाडी दिसतो. अशा खोलीला मी बिनधास्त मध्यम गडद, उबदार रंग देते.

चमक

भिंत मॅट, म्हणजे बिनचमकीची; चौकट सॅटिन, म्हणजे मंद चमकीची. ग्लॉसी भिंत पुट्टीतला प्रत्येक खड्डा मोजून दाखवते. भिंत आणि चौकट एकाच रंगाची ठेवणार असाल तर लक्षात घ्या, चमक वाढली की तोच रंग किंचित गडद वाटतो. फळीवर दोन्ही चमकी शेजारी मारून बघा.

छत

भिंतीला उबदार रंग आणि वर झगझगीत पांढरा, याने छत टोपीसारखं वेगळं पडतं. चौकटीचाच पांढरा छताला द्या, विषय संपला.

डबे

एका खोलीचे सगळे डबे दुकानात एकाच वेळी टिंट करून (मशीनवर शेड मिसळून) घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. शेवटच्या भिंतीला अर्धा डबा कमी पडला म्हणून नवा आणला की फरक दिसतोच, आणि तो नेमका दारासमोर दिसतो. शेडचा कोड, चमक आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. डब्यावरचं लेबल रंगाच्या ओघळाखाली जातं.