लिबकर्लने उतरवलेले पान अर्धवट का येत होते

सी भाषेतील माझ्या एका प्रोग्रॅममध्ये लिबकर्ल ही इंटरनेटवरून मजकूर उतरवणारी लायब्ररी वापरून वेबपाने उतरवताना लहान पाने नीट येत, मोठ्या पानांचा मात्र फक्त शेवटचा तुकडा हाती लागे आणि त्याच्या टोकाला काही निरर्थक अक्षरे चिकटलेली असत. तेच पान टर्मिनलवर कर्ल या आदेशाने संपूर्ण उतरले, तेव्हा दोष माझ्याच कॉलबॅकमध्ये, म्हणजे आलेला मजकूर देण्यासाठी लिबकर्ल माझे जे फंक्शन बोलावते त्यात, आहे हे स्पष्ट झाले.

कॉलबॅकमध्ये आलेल्या बाइटांची संख्या दर वेळी छापून पाहिली, तर एकाच पानासाठी ते फंक्शन अनेकदा बोलावले जात होते. लिबकर्ल मजकूर तुकड्यातुकड्यांनी देते. एरवी एक तुकडा जास्तीत जास्त १६,३८४ बाइटांचा असतो आणि त्याच्या शेवटी मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट नसतो. मी प्रत्येक तुकडा बफरच्या, म्हणजे मजकूर साठवण्याच्या जागेच्या, सुरुवातीलाच लिहीत होतो, त्यामुळे आधीचा तुकडा पुसला जाई.

आता एका स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर (बफरचा मेमरीतील पत्ता) आणि आतापर्यंतची लांबी ठेवतो, रिअ‍ॅलॉकने (हे फंक्शन मेमरीतील जागा वाढवते) जुन्या आणि नव्या मजकुराहून एक बाइट जास्तीची जागा घेतो, नवा तुकडा जुन्याच्या शेवटी मेमकॉपी या बाइट उतरवून घेणाऱ्या फंक्शनने जोडतो आणि त्यापुढे शून्य लिहितो. रिअ‍ॅलॉकचे उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्येच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जागा मिळाली नाही तर जुना पत्ताही हातचा जातो. कॉलबॅकने त्याला मिळालेल्या बाइटांची संख्या जशीच्या तशी परत करावी लागते. अन्यथा त्रुटी क्रमांक २३ येऊन काम थांबते.

त्यानंतरही एक पान रिकामे निघाले. सर्व्हर दुसऱ्या पत्त्याकडे पाठवत होता आणि लिबकर्ल तिकडे आपणहून जात नाही. लिबकर्लचा फॉलोलोकेशन हा पर्याय १, म्हणजे चालू, केल्यावर तेही उतरले.