पाएया, जर्क चिकन मागवायच्या आधी काय विचारायचं आणि फसल्यावर काय करायचं

गेल्या महिन्यात आई-पप्पांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून त्यांना सांगलीतल्याच एका स्पॅनिश आणि कॅरिबियन जेवणाच्या हॉटेलात घेऊन गेलो. चौघांचं बिल ३४०० झालं, जेवण बेकार होतं आणि आमच्यातलं कुणीही तिथं एक शब्द बोललं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की हे असंच असत असेल, आपल्याला काय कळतंय त्यातलं. ते गप्प बसणं मला अजून लागतंय. म्हणून हे लिहितोय, तुम्ही असल्या ठिकाणी जाल तेव्हा कामाला येईल.

पाएया मागवायचा असेल तर आधी एकच विचारा, किती वेळ लागेल? हा भाताचा पदार्थ स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा, आणि ज्या मोठ्या पसरट कढईत करतात तिचंच नाव पाएया. तांदूळ आखूड दाण्याचा, बोंबा जातीचा चांगला मानतात, कारण तो रस भरपूर पितो. एकदा पसरला की हलवत नाहीत आणि तळाला जो खरपूस थर धरतो त्याला सोकारात म्हणतात, म्हणजे आपली खरवडच, पातेल्यातली जी आपण लहानपणी भांडून खायचो. नुसता भात शिजायलाच वीसेक मिनिटं जातात, त्याआधीची फोडणी-परतणं वेगळं. त्यामुळं कुणी "दहा मिनिटांत देतो सर" म्हणालं की समजायचं भात आधीच शिजवलेला आहे. आमचा बारा मिनिटांत आला, लांब दाण्याचा सुट्टा बासमती, खरवडीचा पत्ता नाही आणि पिवळाधमक.

पप्पा ३० वर्षं हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि हळूच मला म्हणाले, हळद आहे रे, आणि कच्ची राहिलीय. मेनूत केशर लिहिलेलं. घास शर्टावर सांडला होता, रात्री आईनं साबण लावला तर डाग लाल झाला, हळदीचा होतोच तसा. आता एक सांगतो, स्पेनमध्येसुद्धा बरेच जण केशराऐवजी खायचा रंग टाकतात, म्हणून नुसत्या रंगावरून भांडू नका. पण मेनूत केशर छापून त्याचे पैसे घेतले असतील तर विचारायचंच.

जर्क चिकनला विचारा, ड्राय आहे का ग्रेव्ही? जमैकाचं जर्क म्हणजे ऑलस्पाइस हा मसाला आणि स्कॉच बॉनेट नावाच्या जहाल मिरचीचं वाटण लावून मुरवलेलं, मग निखाऱ्यावर धुरात भाजलेलं चिकन. आमच्यापुढं गोडसर लाल ग्रेव्हीत ढबू मिरची घातलेलं आलं, ते चिली चिकन होतं. टोस्टोनेस मात्र छान होते, कच्च्या केळाचे जाड तुकडे एकदा तळून, दाबून चपटे करून परत तळायचे एवढंच, त्यामुळं असल्या हॉटेलात सुरुवात त्यानंच करा.

कोळंबीचं जास्त बघा. सांगलीला समुद्र नाही, फ्रोझन असणं गैर नाही, पण रबरासारखी चिवट झालेली आणि पाठीतला काळा दोरासुद्धा न काढलेली आली तर खाऊ नका, आणि उग्र वास येत असेल तर ताटात ठेवूसुद्धा नका. वास ओळखायला स्पॅनिश यावं लागत नाही.

खटकलं की दोन-तीन घासांतच सांगा, अर्धं ताट संपवून सांगितलं तर कोण ऐकणार. आधी फोटो काढा, मग वेटरवर न ओरडता (त्यानं काही केलेलं नसतं) म्हणा, दादा, जरा मॅनेजरला बोलवा. आणि "चव नाही" असं मोघम नको, "कोळंबीला वास येतोय, बदलून द्या नाहीतर बिलातून काढा" असं नेमकं बोला.

बिल वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या कायम ठेवल्या. तो चार्ज बिलातून काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल फेकू नका, त्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना) नंबर असतो, खराब अन्नाची तक्रार करताना तो लागतो.

आणि तिथं बोलायचं राहून गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला फोन करा, तेव्हा गर्दी नसते. मी केला. मॅनेजरनं नीट ऐकून घेतलं, आम्हाला दिलेली कोळंबी कधीची होती ते कूकला विचारून सांगतो म्हणाला आणि खरंच संध्याकाळी फोन केला, चार दिवसांची होती. शर्टाचा डाग धुऊन गेला नव्हता, दोन दिवस कडक उन्हात टाकला तेव्हा उडाला, हळदीला ऊनच लागतं.