पोट वारंवार फुगत असेल तर कारण कसे शोधावे

पोटात गुबारा धरला की ओवा चावायचा, हिंगाचे पाणी प्यायचे आणि तेवढ्याने भागले नाही तर औषधांच्या दुकानातून ‘गॅसची गोळी’ आणायची, ही रीत कर्नाटकातील आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत घरोघरी आहे. एखाद्या दिवसाच्या अजीर्णाला ती पुरते. परंतु महिनोन्‌महिने आठवड्यातून अनेकदा पोट तट्ट होत असेल, चार घास खाल्ले तरी भरल्यासारखे वाटत असेल, तर कारण शोधणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो. दुकानातून मिळणारी ती गोळी बहुधा पॅन्टोप्रेझोलची किंवा ओमेप्रेझोलची असते. ती जठरातील आम्ल कमी करते. आतड्यात तयार होणारा वायू तिने कमी होत नाही. जळजळ आणि आंबट ढेकर असणाऱ्यांना तिचा गुण येतो, पण दुधामुळे, कडधान्यांमुळे किंवा मलावरोधामुळे ज्यांचे पोट फुगते त्यांनी ती वर्षभर घेतली तरी मूळ दुखणे जागच्या जागी राहते, आणि दीर्घकाळ घेतल्यास बी १२ जीवनसत्त्वाचे शोषणही घटू शकते.

आधी धोक्याची लक्षणे पाहावीत

घरगुती प्रयोगांना हात घालण्यापूर्वी काही गोष्टींची खात्री करून घ्यावी. प्रयत्न न करता वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल, वारंवार उलट्या होत असतील, घास गिळताना अडत असेल, रक्तक्षय निघाला असेल, कावीळ किंवा सतत ताप असेल, पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येत असेल, तर पथ्याचे प्रयोग करत बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून त्या चालू असल्यास तसे सांगावे.) पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर हा त्रास प्रथमच सुरू झाला असेल, किंवा घरात कोणाला आतड्याचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तरीही हेच लागू पडते.

येथे स्त्रियांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहावीशी वाटते. पाळी गेल्यानंतर पोट सतत फुगलेले राहू लागले, लवकर पोट भरू लागले, ओटीपोटात दुखू लागले किंवा वरचेवर लघवीला जावे लागू लागले, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून ते अंगावर काढू नये. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे अशीच, साध्या अपचनासारखी असतात. सोनोग्राफी आणि सीए १२५ ही रक्ततपासणी केली म्हणजे पुढची दिशा कळते. घरातील सर्वांचे ताट वाढून झाल्यावर स्वतःच्या दुखण्याकडे पाहणाऱ्या आपल्या आयाबहिणी नेमक्या याच बाबतीत उशीर करतात, आणि तो उशीर महागात पडतो.

पोट सकाळी सपाट असते आणि दिवस चढेल तसे फुगत जाऊन रात्रीपर्यंत तट्ट होते, की दिवसरात्र सारखेच मोठे राहते, हेही पाहावे. पहिला प्रकार बहुधा आहार, मलावरोध किंवा आतड्याच्या संवेदनशीलतेशी संबंधित असतो. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः पायांवर सूज असेल किंवा मद्यपानाची सवय असेल, तर यकृताच्या विकाराने पोटात पाणी साठले आहे का, हे तपासावेच लागते.

दोन आठवड्यांची वही

धोक्याचे काही नसेल तर एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे, आहारात काहीही न बदलता, रोज नोंदी कराव्यात: काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, पोट केव्हा फुगले, शौचाला कसे झाले, कोणती औषधे घेतली, झोप कशी लागली. स्त्रियांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात, कारण पाळीपूर्वीच्या दिवसांत पोट फुगणे सर्वसामान्य आहे. ही वही कंटाळवाणी वाटली तरी अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा उपयोगी पडते. दूध, गहू, डाळ, कांदा हे सगळे एकाच दिवशी बंद करणाऱ्याला आराम पडला तरी तो कशामुळे पडला हे कधीच कळत नाही, आणि मग माणूस भातावर आणि ताकावर अशक्त होत जातो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा.

स्वयंपाकघरातील कारणे

पहिला संशय दुधावर घ्यावा. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर बालपणानंतर बहुतेक भारतीयांत कमी होत जाते. पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असते. एवढे एका वेळी अनेकांना सोसते, पण दिवसभरात पाच-सहा कप दाट दुधाचा चहा, वर रात्रीचे दूध आणि सणावारी बेळगावचा कुंदा अशी बेरीज झाली की सोसण्याची मर्यादा ओलांडली जाते. दोन आठवडे दूध, खवा आणि खव्याची मिठाई बंद ठेवून पाहावे. दह्यात आणि ताकात लॅक्टोज कमी असल्याने ती बहुतेकांना चालतात. फरक पडला तर पुन्हा थोडे दूध घेऊन त्रास परत होतो का, हे पाहिल्यावरच निष्कर्ष काढावा.

दुसरा संशय कडधान्ये, कांदा आणि लसूण यांवर घ्यावा, आणि आपल्या भागात या संशयाला मोठी जागा आहे. अख्खा मसूर, मटकीची उसळ, पावटा, चवळी, पिठले ही आपली रोजची आणि पौष्टिक जेवणे आहेत. कडधान्यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोहोचल्या की तेथील जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टान या घटकाचेही तसेच होते. अशा आंबणाऱ्या शर्करांना एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात, आणि त्या कमी करण्याची आहारपद्धती ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने विकसित केली. दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे आणि नंतर एकेक करून परत आणायचे, असा तिचा क्रम आहे. हा आहार कायमचा नाही, आणि तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेला बरा.

तेवढे करण्याआधी स्वयंपाकात काही बदल करून पाहता येतात. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकावे, शक्य असल्यास मोड आणावेत, ताज्या पाण्यात मऊ शिजवावे आणि वाटीऐवजी अर्धी वाटी घ्यावे. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून फोडणीच्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या परतून, पाणी घालण्यापूर्वी त्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. मात्र कांदा-लसूण मसाला विसरू नये. भाजीत कांदा घातला नाही असे सांगणाऱ्या घरातही आमटीत दोन चमचे तो मसाला पडलेला असतो, आणि वहीत त्याची नोंद नसते. गोकाकच्या करदंट या सुक्या मेव्याच्या मिठाईतील काजू आणि खजूरही फॉडमॅपच्या यादीत येतात.

गव्हाच्या बाबतीत एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. ग्लुटेन या गव्हातील प्रथिनामुळे होणारा सीलिअॅक हा आजार असण्याची शंका असेल, म्हणजे पोट फुगण्यासोबत जुलाब, वजन घटणे किंवा लोह देऊनही न हटणारा रक्तक्षय असेल, तर आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करावी आणि ती होईपर्यंत चपाती चालू ठेवावी. गहू सोडून काही आठवडे झाल्यावर तपासणी केली तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. आजार ठरलाच तर जोंधळ्याची भाकरी, नाचणी आणि भात यांत ग्लुटेन नसते, आणि आपल्या ताटाला त्यामुळे फारशी ओढाताण सोसावी लागत नाही.

आहाराबाहेरची कारणे

मलावरोध हे सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण आहे. रोज शौचाला जाणाऱ्यालाही मलावरोध असू शकतो. फार जोर लावावा लागत असेल किंवा पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल तर तो आहेच असे समजावे. पाणी, चालणे आणि इसबगोल यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो, पण इसबगोल एका चमच्यापासून भरपूर पाण्यासोबत सुरू करून हळूहळू वाढवावे.

औषधांची यादीही तपासावी. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने आणि विशेषतः व्होग्लिबोसने वायू होतो. लोह, कॅल्शियम आणि काही वेदनाशामकांमुळे मलावरोध होतो. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. मात्रा किंवा प्रकार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. थायरॉईडची कमतरता आणि जुना मधुमेह यांमुळेही पचनसंस्थेची गती मंदावते. सतत तंबाखू किंवा सुपारी चघळणारे आणि घाईघाईने जेवणारे बरीच हवा गिळतात, हेही लक्षात ठेवावे.

पाण्याचा विचार आपल्याकडे स्वतंत्रपणे करावा लागतो. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठच्या गावांत, विशेषतः ऑगस्ट २०१९ सारख्या महापुरानंतर, विहिरींचे पाणी दूषित होते. जिआर्डिया या परजीवीची लागण झाली तर आठवडेच्या आठवडे पोट फुगते, दुर्गंधीयुक्त शौच होते आणि तात्पुरते दूधही पचेनासे होते. त्यासाठी शौचाची तपासणी करावी लागते. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळले की हा परजीवी मरतो. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणूही भारतात फार आढळतो. त्याचा शोध बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी लावला आणि त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. त्याच्या श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीपूर्वी दोन आठवडे पॅन्टोप्रेझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके घेतलेली नसावीत, अन्यथा निकाल फसवा येतो.

सर्व तपासण्या निर्दोष आल्या तरी त्रास खरा असू शकतो. पचनाच्या विकारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २०१६ च्या रोम ४ निकषांनुसार, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असेल, ते दुखणे शौचाला जाणे, शौचाच्या वेळा बदलणे आणि शौचाचे स्वरूप बदलणे यांपैकी किमान दोन गोष्टींशी जोडलेले असेल, आणि सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झाली असेल, तर त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णांत वायू नेहमीच जास्त नसतो. नेहमीइतकाच वायू आतड्याला असह्य होतो, शिवाय श्वासपटल खाली दाबले जाऊन पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येते. म्हणून जेवणानंतर दहा मिनिटे पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव येथे खरोखर उपयोगी पडतो. ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ असे अशा माणसाला कोणीही सांगू नये.

डॉक्टरांकडे जाताना

आपल्याकडचे रुग्ण आधी गावच्या दवाखान्यात, मग बेळगावला आणि शेवटी मिरजेला किंवा कोल्हापूरला जातात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच तपासण्या नव्याने होतात. ते टाळण्यासाठी जुने अहवाल, सोनोग्राफीचे कागद, औषधांची रिकामी पाकिटे आणि ती दोन आठवड्यांची वही एकाच फायलीत, तारखेच्या क्रमाने लावून न्यावी. सरकारी रुग्णालयात कन्नड बोलणे अवघड जात असेल तर सोबत जाणकार माणूस न्यावा. सुरुवातीला रक्ताची सर्वसाधारण तपासणी, साखर, थायरॉईड, टीटीजी-आयजीए, शौच आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी एवढे बहुतेकांना पुरते. एंडोस्कोपी सुचवली गेली तर ती कोणत्या शंकेसाठी हवी आहे, हे निःसंकोच विचारावे आणि उत्तर त्याच वहीत लिहून घ्यावे.