बुलेटच्या एअर फिल्टरचा डबा कसा मोकळा करावा, आणि पिस्टन कसा वाचवावा

डबा मोकळा करायचा म्हणजे त्याला भोकं पाडून हवेची वाट वाढवायची. आधी हे कुणासाठी नाही ते सांगतो. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 इंजेक्शनची गाडी असेल तर हात लावू नका. तिचा ऑक्सिजन सेन्सर मंद रेसवर थोडंफार सांभाळून घेतो, पण पूर्ण रेस दिली की इसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक) सहसा साठवलेल्या आकड्यांवर चालतो, आणि ते आकडे मूळ डब्यासाठी ठरवलेले असतात. हा लेख जुन्या कास्ट आयर्न बुलेट 350साठी आहे, ज्यात स्लाइडवाला (रेस दिली की आतला दट्ट्या वर सरकतो तो) व्हीएम-24 कार्बोरेटर येतो. माझी 2004ची आहे. दुसऱ्या कुठल्याही स्लाइडवाल्या कार्बोरेटरला क्रम हाच, आकडे वेगळे. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे. काय करताय ते समजून करा.

आधी मोजा

गॅरेजमध्ये ‘फिल्टर बदला, चार घोडे वाढतील’ असं छातीठोक सांगतात. घोडे वाढतात की नुसता आवाज, हे घरी मोजता येतं. मत्स्यालयाला लागते ती पारदर्शक नळी मीटरभर घ्या. ती यू आकारात वाकवून फूटपट्टीला चिकटवा, त्यात शाई टाकलेलं पाणी भरा आणि पट्टी टाकीवर बांधा. नळीचं एक तोंड फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या भागात घट्ट बसवायचं, दुसरं उघडं ठेवायचं. पाणी फार नाचत असेल तर नळीत कापसाचा छोटा बोळा घाला. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस, आणि मागे बसलेल्या मित्राने दोन बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायचा.

माझा फरक 12 सेंटीमीटर आला. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे दहा मीटर पाण्याचा स्तंभ. म्हणजे डबा आणि फिल्टर मिळून हवा अडवत होते ती जेमतेम सव्वा टक्का! 18 घोड्यांच्या गाडीत हे झाले पाव घोड्याच्याही आत. तुमचा फरक पाच सेंटीमीटरच्या आत असेल तर नवा कागदी फिल्टर टाका आणि चहा प्या, पुढचं वाचू नका.

शंकूसारखा उघडा फिल्टर नको

डबा काढून कार्बोरेटरला थेट लावायचा तो. आधी मीही लावला होता. आवाज झकास येतो, म्हणून गाडी पळतेय असं वाटतं. पण तो बसतो गरम सिलिंडरच्या मागे. आत जाणारी हवा 20 अंशांनी तापली तर ती सहा टक्क्यांच्या वर विरळ होते. सव्वा टक्का मिळवायला सहा टक्के घालवायचे, याला काय म्हणावं? शिवाय आमच्याकडे गगनबावड्याचा पाऊस आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ. डबा ठेवा. कागदी फिल्टरही ठेवा.

भोकं

हे सोपं काम. भोकं पाडायची ती फिल्टरच्या बाहेरच्या, म्हणजे मळक्या बाजूला. स्वच्छ बाजूला एक जरी भोक पडलं तरी धूळ थेट बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन हलतो त्या सिलिंडरच्या पोकळीत जाते. जादा भोकांचं एकूण क्षेत्रफळ कार्बोरेटरच्या तोंडाएवढं पुरे. 24 मिलिमीटरच्या तोंडाला 12 मिलिमीटरची चार भोकं बरोबर होतात, हिशोब करून बघा. चाकाचं पाणी उडतं ती बाजू आणि सिलिंडरकडची बाजू सोडून द्या. कानशीने कडा घासा आणि डबा धुवून वाळवा. पत्र्याचा एक कीस स्लाइडमध्ये अडकला तर रेस उघडीच राहते.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड तपासून घ्या. गाडी मंद चालू ठेवून तिथे गंजनिवारक स्प्रेचा थेंबभर फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. आधी ते बंद करा, नाहीतर पुढचं सगळं जेटिंग (वाढलेल्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल बसवणं) खोटं निघेल.

जेटिंग, म्हणजे खरं काम

भोकं पाडून झाल्यावर मला एका मेस्त्रीने सांगितलं, ‘एअर स्क्रू अर्धा आटा आत घ्या, बास.’ मी घेतला. मे महिना, भर दुपार, कोल्हापूर. गाडी मस्त चालली. डिसेंबरात एका पहाटे मागे भावाला बसवून करूळ घाट उतरलो आणि कणकवलीच्या पुढे हायवेला लागलो. रस्ता सरळ, रेस पूर्ण. पाचेक मिनिटांनी टाकीखालून खडखड ऐकू आली, डब्यात खडे हलवावेत तशी. मला वाटलं साखळी. उलट गाडी त्या क्षणी इतकी हलकी पळत होती की मी खूश होतो. मग कुणीतरी मागून ओढल्यासारखी ती बसत गेली आणि मागचं चाक घासायला लागलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. पिस्टन चिकटला होता. नवीन बोअरिंग, एक साइज मोठा पिस्टन, आणि टेम्पोतून गाडी घरी. भाऊ अजून माझ्या मागे बसत नाही.

चूक कुठे होती? एअर स्क्रू म्हणजे कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू, त्याचा अंमल मंद रेसपासून फार तर पाव रेसपर्यंत. त्यापुढे अर्ध्या-पाऊण रेसपर्यंत नीडल (स्लाइडला लटकणारी सुई), आणि पाऊणच्या वर मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोकाचं छोटं बूच). पूर्ण रेसवर पेट्रोल कमी पडत होतं आणि मी फिरवत होतो तो स्क्रू, ज्याचा तिथे काही संबंध नाही. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि कोकण समुद्राला लागून. उंची उतरली म्हणून हवा पाच-सहा टक्के जड झाली, मेच्या दुपारऐवजी डिसेंबरची पहाट म्हणून आणखी तेवढीच. जेट त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही, थोडंच वाढवतो. आणि हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला हवेच्या मानाने इंधनच जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेली जुनी गाडी, डबा न उघडताही, त्याच्यावर सुमारे आठ टक्के लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते. हे सगळं एकावर एक चढलं.

म्हणून माझा नियम एकच: रिचकडून (पेट्रोल जास्त) लीनकडे या, लीनकडून रिचकडे कधीच नाही. रिच गाडी धूर काढते, प्लग काळा करते, पेट्रोल पिते, पण तिथून घरी येता येतं.

जेटवर आकडा कोरलेला असतो आणि आकडा वाढला की पेट्रोल वाढतं. माझ्यात 90 होता. 92.5, 95, 97.5 आणि 100 असे चारही घेऊन या, महाग नसतात. तार घालून जुन्याचं भोक मोठं करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. ते भोक वाकडंतिकडं होतं आणि तुम्ही नेमके कुठे आहात हे पुन्हा कधी कळत नाही. जेट कार्बोरेटरच्या तळाशी फ्लोटच्या वाटीत असतो; त्या वाटीचे स्क्रू बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने सोडवा, डोकी लगेच झिजतात.

रेसच्या मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. ही खूण नसेल तर ‘अर्ध्या रेसला अडखळते’ या वाक्याला काही अर्थ नाही, कारण अंदाजाने अर्धी म्हणून जी धरतो ती बहुतेकदा पाव असते.

पहिल्यांदा मेन जेट. 97.5 टाका, इंजिन चांगलं गरम करा, मोकळा लांब रस्ता बघा आणि तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या. आता मूठ अगदी किंचित मागे घ्या. गाडी थोडी पुढे सरकल्यासारखी वाटली तर जेट लहान आहे. अडखळली, भरभरली तर मोठा आहे. काहीच फरक न पडता हळूच उतरली तर बरोबर. माझी 97.5ला भरभरली, 95ला नीट आली. 92.5ला सगळ्यात तरतरीत वाटली, पण त्या तरतरीतपणाने मला एकदा टेम्पोत बसवलं होतं, म्हणून 95च ठेवला.

मग प्लग बघा. नवा प्लग लावा, पूर्ण रेसवर किलोमीटरभर न्या आणि तिथेच क्लच दाबून चावी बंद करा. गाडी नुसती घरंगळू द्या. मंद चालवत घरी आणून प्लग काढलात तर दिसतो तो मंद रेसचा रंग, पूर्ण रेसचा नाही. पोर्सेलिनच्या बुडाशी, प्लगच्या आत खोलवर, फिक्या बिस्किटाचा रंग हवा. पांढराफटक किंवा बारीक चमकणारे कण दिसले तर ताबडतोब मोठा जेट. चॉकलेटी रंग शोधत बसू नका. तो सल्ला शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातला आहे आणि ते पेट्रोल 2000 सालीच बंद झालं.

मेन जेट ठरल्यावरच नीडल. अर्ध्या रेसवर गाडी मागेपुढे हिंदकळत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. स्लाइड परत घालताना तिचा कापलेला भाग फिल्टरकडे हवा. उलटी बसवण्याच्या भानगडीत इंजिन पहिल्याच किकला किंचाळतं. एकदा केलंय.

एअर स्क्रू सगळ्यात शेवटी. आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन. सव्वा ते दीड आट्यावर सहसा बसतो.

नंतर

नळीची चाचणी परत घ्या. माझा फरक 12चा चार सेंटीमीटर झाला. ताकदीत फरक कळण्याइतका नाही, खरं सांगतो. बदल कळतो तो अर्ध्या रेसवर, घाटात चौथ्या गिअरमध्ये, आणि तो भोकांमुळे नाही, नीट बसलेल्या नीडलमुळे आहे. ॲव्हरेज थोडं कमी होतं.

पीयूसीला अडचण आली नाही. 2000 नंतरच्या या वयाच्या फोर-स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के आहे आणि तपासणी मंद रेसवर होते, तिथे एअर स्क्रूच बघायचा.

जूनमध्ये मी चारपैकी दोन भोकं रबरी बुचांनी बंद करतो, ऑक्टोबरात काढतो. जुना 90चा जेट टूलबॉक्समध्ये कागदाच्या पुडीत ठेवलाय, वर बॉलपेनने लिहून: ‘चारही भोकं बंद असल्याशिवाय लावू नये.’