‘लेट’, ‘व्हेरी लेट’ आणि टीव्हीची सेटिंग

निन्टेन्डो स्विच या गेमिंग कन्सोलवर ‘एमएलबी द शो २२’ हा बेसबॉलचा गेम घेतला आणि पहिला आठवडा नुसते स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. चेंडू नीट दिसायचा, बटणही वेळेवर दाबलंय असं वाटायचं, पण स्विंगनंतर पडद्यावर ठरलेलं: ‘लेट’, नाहीतर ‘व्हेरी लेट’. क्रिकेट बघत वाढलेलो, म्हटलं आपल्यालाच हे जमत नाही. कंट्रोलर बदलून पाहिला. काही फरक नाही.

मग एका संध्याकाळी वीज गेली. कन्सोल डॉकमधून (त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या स्टँडमधून) काढला, हातात धरून बॅटरीवर खेळलो, आणि दुसऱ्याच इनिंगला होम रन! गेम तोच, अवघडपणाची पातळीही तीच. म्हणजे घोळ टीव्हीचा.

हिशेब केला तर पटतं. पिचरपासून (चेंडू टाकणाऱ्यापासून) बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंत अंतर साडेसाठ फूट. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. त्यात चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही प्रत्येक फ्रेम थोडी उशिरा दाखवतो. सिनेमा बघताना ते कळतसुद्धा नाही. इथे मात्र बॅट फिरेपर्यंत चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावला, त्यात टीव्ही चित्रावरची ही कारागिरी कमी करतो. तरी तेच! अर्ध्या तासाने लक्षात आलं, आमच्या टीव्हीवर ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळी लागते आणि मी ती सेट टॉप बॉक्सच्या पोर्टला लावून बसलो होतो. योग्य पोर्टला लावल्यावर ‘गुड’ दिसू लागलं. रंग थोडे फिके वाटतात, चालतंय.

चेंजअपवर (फास्टबॉलसारखा टाकलेला, पण हळू येणारा चेंडू) मात्र आता घाईने बॅट फिरवतो. त्याला टीव्ही काय करणार!