गेम एका पीसीवर, खेळणं दुसऱ्यावर: आधी केबल लावा

स्टीम या गेमच्या ॲपमध्ये रिमोट प्ले नावाची सोय आहे: गेम एका पीसीवर चालतो आणि त्याचं चित्र घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर येतं. दमदार पीसीवरचा गेम असा जुन्या लॅपटॉपवर घेतला, की चित्राचे मध्येच चौकोन होतात आणि बटण दाबल्यावर पात्र क्षणभर उशिरा उडी मारतं. बहुतेक वेळा दोष ना गेमचा असतो ना लॅपटॉपचा. दोन्ही यंत्रं वायफायवर असली, की प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते: पीसीकडून राउटरला आणि राउटरकडून लॅपटॉपला.

१. गेम चालतो तो पीसी लॅन केबलने राउटरला जोडा. निम्म्याहून जास्त त्रास इथेच संपतो. राउटरचं पोर्ट जुनं, १०० एमबीपीएसचं असलं तरी पुरतं.

२. लॅपटॉपलाही केबल लावता आली तर उत्तमच. नाहीतर तो ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या आणि राउटर असलेल्याच खोलीत बसा. हा बँड वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर दमतो.

३. पीसीवरच्या स्टीममध्ये रिमोट प्लेच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग (पाठवायचं चित्र आटोपशीर करण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू आहे ना, ते पाहा.

४. तरीही अडखळलं तर लॅपटॉपवरच्या स्टीममध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. छोट्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही, हालचाल मात्र लोण्यासारखी होते.

एक सांभाळा: पीसी स्लीपमध्ये जाऊ देऊ नका आणि त्याची स्क्रीन लॉक करून उठू नका. नाहीतर लॅपटॉपवर गेम दिसणार नाही आणि पासवर्ड टाकायला परत त्या खोलीत जावं लागेल.